आपल्या बजेटमधली व्हिस्की: घरी चाखून, तुलना करून निवडायची कशी

संध्याकाळी आठच्या सुमाराला ठाण्यातल्या नौपाड्यात किंवा वाशीत कुठल्याही वाइन शॉपसमोर जरा थांबून बघा. मागे रांग, हातात नोटा किंवा मोबाईल, जाळीपलीकडचा माणूस घाईत. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या तोंडून तेच नाव निघतं, जे वर्षानुवर्षं निघत आलंय. ती व्हिस्की खरंच आवडते की सवयीची झाली आहे, हे तपासायला त्या काउंटरवर कुणाला सवड नसते.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. भारतात बनलेल्या विदेशी मद्याच्या १८० मिलीची, म्हणजे क्वार्टरची, किमान किंमत २०५ रुपयांवर गेली आणि प्रीमियम गटाची ३६० रुपयांवर. त्याच वेळी राज्यातच धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा गट १४८ रुपयांपासून सुरू झाला. इतके पैसे मोजायचे, तर ते आपल्या जिभेला पटणाऱ्या बाटलीवर मोजावेत, असं मला मनापासून वाटतं. एकाच किमतीच्या बाटल्यांमध्ये चवीचा फरक बराच असतो. मात्र नाव, किंमत आणि रंग झाकल्याशिवाय तो नीट कळत नाही. घरी, चार जणांत, फार खर्च न करता हे कसं करायचं, ते पुढे सांगतो.

आधी कायद्याचं

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. बिअर आणि वाइनची २१ वेगळी, तिच्याशी गल्लत करू नका. मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आयुष्यभराचा १,००० रुपयांत मिळतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. आयुष्यभराचा एकदाच काढून टाकावा, हे उत्तम. गोवा किंवा दमणहून ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून बॅगेत घालून आणलेली बाटली या खेळात नको. परवानगीशिवाय ती राज्यात आणणं गुन्हा आहे.

चाखायला येणाऱ्यांनी गाडी घरी ठेवून यावं. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती वाटते त्यापेक्षा फार लवकर ओलांडली जाते. घोडबंदर रोडवरून रिक्षाने घरी जाणं केव्हाही बरं. ज्यांची औषधं चालू आहेत किंवा ज्यांनी दारू सोडली आहे, त्यांना आग्रह करायचा नाही.

बाटलीत असतं काय

लेबल वाचायला शिकलं की अर्धं काम होतं. आपल्याकडच्या बहुतेक लोकप्रिय व्हिस्की हे मिश्रण, म्हणजे ब्लेंड, असतं. पायाला जवळपास चव नसलेलं शुद्ध स्पिरिट, ज्याला धंद्यात ईएनए म्हणतात, त्यात थोडं भारतीय माल्ट (मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) आणि काही ब्रँडमध्ये आयात केलेलं स्कॉच माल्ट. हे स्पिरिट उसाच्या मळीपासूनही बनतं आणि धान्यापासूनही. युरोपीय संघात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणताच येत नाही, आपल्याकडे मात्र चालतं. लेबलावर ‘ग्रेन स्पिरिट’ लिहिलेलं आहे का, ते बघा. १९९५ मध्ये बाजारात आलेल्या रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइड यांनी धान्याचं स्पिरिट आणि स्कॉच माल्ट हाच मुद्दा पुढे करून जम बसवला.

भारतीय बाटलीवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा दिसतो. तो जुन्या ब्रिटिश ‘प्रूफ’ मोजमापातून आलाय. १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के, त्याचे ७५ प्रूफ म्हणजे ४२.८. स्कॉचला कायद्याने किमान ४० टक्के लागतात, आणि आयात बाटल्यांपैकी अनेक ४० वरच असतात. तुलना करताना हा फरक लक्षात ठेवा. जास्त टक्क्यांची व्हिस्की पहिल्या घोटाला ‘दमदार’ वाटते, तो दम काही वेळा नुसत्या अल्कोहोलचा असतो.

स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली. यातल्या काही मोठ्या पिंपांतून किंवा टाक्यांतून भारतात येतात आणि इथे बाटल्यांत भरल्या जातात. व्हॅट ६९, १०० पायपर्स, ब्लॅक डॉग, टीचर्स या नावांकडे त्यामुळे बघावं: त्या तुलनेने परवडतात आणि तरीही स्कॉच असतात. वयाच्या आकड्यावर मात्र देशोदेशीची तुलना करू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बंगळुरूच्या उकाड्यात १० टक्क्यांच्या वर. उष्णतेत लाकडाशी देवाणघेवाणही झपाट्याने होते. तिथली बारा वर्षं आणि इथली बारा वर्षं एका मापात बसत नाहीत.

रंगाबद्दल एवढंच: गडद रंग कॅरॅमल घालूनही येतो, आणि स्कॉचमध्ये व आपल्याकडे कायद्याने ते चालतं. रंगावरून काहीही ठरवू नका.

खरेदी: तीन क्वार्टर पुरे

खंबे, म्हणजे पूर्ण बाटल्या, घ्यायचे नाहीत. तीन वेगवेगळ्या व्हिस्कींचे क्वार्टर घ्या. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, जवळपासच्या किमतीचे. पहिल्या वेळी माझा सल्ला असा: दोन भारतीय ब्लेंड, ज्यातली एक तुमची नेहमीची, आणि तिसरी जरा वरच्या किमतीची, भारतात भरलेली स्कॉच. रॉयल चॅलेंज, सिग्नेचर, स्टर्लिंग रिझर्व्ह, ओकस्मिथ, ब्लेंडर्स प्राइड यांपैकी कुठल्याही दोन चालतील. पुढच्या वेळी जिम बीमसारखी बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, घ्या. ती किमान ५१ टक्के मक्याची असते आणि आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरते, म्हणून तिचा गोडसर व्हॅनिलासारखा वास शिकायला फार उपयोगी पडतो. आयात बाटलीचा क्वार्टर मिळाला नाही तर चौघांनी वर्गणी काढून हाफ घ्यावी.

बाटली हातात आल्यावर झाकणाचं सील आणि उत्पादन शुल्काचं लेबल तपासा. सील सैल असेल, बाटलीतली पातळी इतरांपेक्षा कमी दिसली, तर तिथल्या तिथे बदलून घ्या. आणि रिकामी झालेली बाटली लेबल फाडल्याशिवाय भंगारात देऊ नका. बनावट माल भरणाऱ्यांना अशाच बाटल्या हव्या असतात.

नाक तयार करायचं

हा भाग लोक टाळतात आणि मग ‘स्मूथ आहे’ याच्यापुढे त्यांना शब्द सापडत नाही. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मांसाच्या रश्शासारखी चव, एवढंच कळतं. बाकी सगळं नाकाकडून येतं, घोट गिळल्यावर घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेसकट.

परदेशी वर्णनांमध्ये हेदर, टॉफी, मार्झिपान असले शब्द येतात. ज्या गोष्टींचा वास आपण कधी घेतला नाही, त्या ग्लासात शोधून काय मिळणार? आपल्या स्वयंपाकघरात याहून समृद्ध भांडार आहे. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भरायला तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटात किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर जाल, तेव्हा थोडं थोडं जास्तीचं आणा: लवंग, दालचिनी, जायफळ, वेलची, मनुका, खारीक, अक्रोड. घरातून घ्या गूळ, काकवी, मध, सुकं खोबरं, संत्र्याची साल, जास्त पिकलेलं केळं, विझलेली काडेपेटीची काडी. सगळं छोट्या झाकणाच्या डब्यांत घालून घरातल्या कुणाला तरी डोळे मिटून हुंगायला द्यायला सांगा. गंमत अशी की रोज हाताळलेली जायफळाची पूडसुद्धा न बघता पटकन ओळखता येत नाही. चार-सहा संध्याकाळी हे केलं की फरक जाणवतो.

या वासांचा व्हिस्कीशी खराखुरा संबंध आहे, तो उगाच जुळवलेला नाही. ओकचं लाकूड जाळलं की त्यातून व्हॅनिलिन सुटतं, म्हणून व्हॅनिला. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनमुळे खोबऱ्याचा वास येतो. त्याच लाकडात युजेनॉल असतं, लवंगेतलं मुख्य द्रव्य तेच. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट यीस्ट आंबवतानाच तयार करतं. आणि धुराचा, जुन्या दवाखान्यासारखा वास ग्वायकॉल आणि त्याच्या जातभाईंचा. तो पीट नावाच्या मातकट इंधनाच्या धुरावर जव वाळवल्याने येतो. परवडणाऱ्या बाटल्यांत टीचर्समध्ये हा धूर हलकासा भेटतो, कारण तिच्यात आर्डमोर डिस्टिलरीचं धुरकट माल्ट असतं.

वाईट वासांनाही नावं द्या. नेलपॉलिश, ओलं पोतं, उकडलेला कोबी, औषधी स्पिरिट. पैसे कुठे जायला नकोत, हे यांच्यावरून कळतं.

खोली, पाणी, ग्लास

परदेशी पुस्तकं सांगतात, खोलीच्या तापमानाला चाखा. तिथली खोली १८ ते २० अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात रात्री नऊलाही पारा तिशीच्या आसपास असतो, आणि त्या उकाड्यात ग्लासातून अल्कोहोलची वाफ एवढी उसळते की नाकाला दुसरं काही कळतच नाही. मग आपण म्हणतो, व्हिस्की ‘कडक’ आहे. दोष बऱ्याचदा हवेचा असतो. एसी असेल तर तासभर आधी लावून ठेवा. नसेल तर बंद बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, सगळ्या एकत्र आणि एकाच वेळी बाहेर काढा. फ्रीझरमध्ये नको, गारठ्याने वास दबतात.

घरात त्या संध्याकाळी मासे तळू नका, फोडणी नको, उदबत्ती नको, डासांची कॉइल तर अजिबात नको. अत्तर लावून येणाऱ्याला आधीच फोन करून सांगा. सर्दी झालेल्या माणसाने पुढच्या वेळी यावं.

पाणी सगळ्यांना एकच हवं. पालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात त्याचा वास बऱ्याचदा ठळक होतो. क्लोरीन आणि धुरकट व्हिस्कीतली फिनॉलं (ग्वायकॉल त्यातलंच) एकत्र आली की इस्पितळातला वास आणखी भडकतो. उकळून, उघड्या भांड्यात गार केलेलं किंवा बाटलीबंद पाणी वापरा.

ग्लास तोंडाशी निमुळता असावा. व्हिस्कीसाठी मुद्दाम बनवलेला ग्लेनकेर्न ग्लास २००१ पासून मिळतो, तो घेतलात तर उत्तमच. नाहीतर लहान वाइन ग्लास चालतो. सगळे एकाच मापाचे हवेत. कटिंगचे ग्लास आणि रुंद तोंडाचे टंब्लर वास उडवून टाकतात. ग्लास गरम पाण्याने धुवा, उपडे करून वाऱ्यावर वाळवा. ओट्यावरच्या फडक्याने पुसलेला रिकामा ग्लास एकदा हुंगून बघा: हळद, तेल आणि साबण तिन्ही लागतील. ओतल्यावर प्रत्येक ग्लासावर बशी झाकायची.

मोजायला मेडिकलमधून सुईशिवायची १० मिलीची सिरिंज आणा. अंदाजाने ओतलेल्या पेगवर तुलना उभी राहत नाही.

झाकून ओतणं

एकाने फक्त ओतायचं, चाखणाऱ्या चौघांनी दुसऱ्या खोलीत थांबायचं. प्रत्येकापुढे चार ग्लास, तळाला चिकटपट्टीवर अ, ब, क, ड. व्हिस्की तीनच. एक व्हिस्की दोन ग्लासांत जाते, आणि कुठली ते फक्त ओतणाऱ्याला माहीत. हा दुहेरी ग्लास या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. एकाच व्हिस्कीला कुणी ‘अ’ मध्ये आठ गुण आणि ‘क’ मध्ये चार दिले, तर त्या संध्याकाळच्या त्याच्या गुणांवर भरवसा ठेवायचा नाही. त्यात त्याला कमी लेखण्यासारखं काही नाही, थकलेल्या नाकाचं असंच होतं.

ग्लासात १५ मिली. चार ग्लास मिळून ६० मिली, म्हणजे एक लार्ज, आणि तेवढंच. चौघांना एक व्हिस्की ६० मिली लागते, दुहेरी असलेली १२० मिली. तिचा क्वार्टरसुद्धा पुरून उरतो. गिळायचं नसेल त्याच्यासाठी शेजारी एक रिकामा डबा ठेवा. थुंकून चाखणं ही जाणकारांची नेहमीची रीत आहे, त्यात लाजायचं काही नाही.

ओतणाऱ्याने कोणती व्हिस्की कुठे, हे कागदावर लिहून घडी घालून खिशात ठेवायचं. चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून शक्यतो तो स्वयंपाकघरातच थांबला तर बरं. रंग लपवायला ग्लासांभोवती गडद कागद गुंडाळा किंवा दिवे मंद करा.

हुंगणं आणि घोट

पहिल्यांदा चारही ग्लास नुसते हुंगायचे, घोट नाही. नाक ग्लासात खुपसू नका. काठापासून बोटभर लांब धरा, ओठ किंचित उघडे ठेवा म्हणजे अल्कोहोल बोचत नाही. प्रत्येकाला अर्धा मिनिट. नाक बधिर झालं तर आपल्याच मनगटाची त्वचा हुंगा, पुन्हा ताजं होतं. पहिला जो शब्द मनात येईल तो वहीत लिहा, बोलू नका. एकजण ‘चिकू’ म्हणाला की उरलेल्या तिघांनाही चिकूच लागतो, हे मी दर वेळी बघतो. त्यामुळे सगळ्यांचं लिहून होईपर्यंत बोलण्याला बंदी असावी.

मग छोटा घोट. पहिला घोट कुठल्याही ग्लासचा असो, त्यावर मत बनवू नका, तो तोंडाला सवय व्हायला असतो. दुसरा घोट तोंडात चार-पाच सेकंद फिरवा आणि मग गिळा. तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. इथेच व्हिस्कीचं खरं रूप कळतं. घोट उतरल्यावर काय राहतं, किती वेळ राहतं, आणि जे राहतं ते हवंसं आहे का? स्वस्त व्हिस्कीच्या तुलनेत मी सगळ्यात जास्त वजन याच टप्प्याला देतो. समोरचा गोडवा कसाही आणता येतो, पण घोटानंतरचा कडवट, कोरडा स्पिरिटचा चटका झाकणं अवघड असतं.

दोन ग्लासांमध्ये साधा पाव किंवा बिनतिखट कुरमुरे आणि पाणी. फरसाण, मसाला शेंगदाणे, कांदा, लिंबू सगळं नंतर. चखणा वह्या मिटल्यावर बाहेर काढा. मग सुरमईचा तुकडाही येऊ दे.

यानंतर सिरिंजने प्रत्येक ग्लासात ५ मिली पाणी. पाणी घालेपर्यंत १५ मिलीतलं थोडं संपलेलं असेल, चालेल, सगळ्यात सारखंच घाला. भरल्या १५ मिलीत ५ मिली पाणी घातलं की ४२.८ टक्के उतरून साधारण ३२ टक्के होतात. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय मांडणी करून दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायकॉलसारखे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतात. वास उघडतो तो बहुधा त्यामुळे. चांगल्या ब्लेंडमध्ये पाण्याने नवीन काहीतरी वर येतं: फळ, मध, जरासा धूर. कमकुवत ब्लेंड नुसती पातळ होते. कागदाची घडी अजून उघडू नका. ग्लास झाकून वीस मिनिटं गप्पा मारा आणि परत हुंगा. वरवरचा व्हॅनिला एवढ्या वेळात विरून गेला आणि खाली औषधी स्पिरिट उरलं, तर तेही लिहून ठेवा.

क्रम लावा, एक ते चार. दहापैकी गुण हवे तर द्या, पण क्रम जास्त प्रामाणिक असतो. मगच घडी उघडायची.

सोड्याची फेरी वेगळ्या दिवशी

आपल्यापैकी बहुतेक जण व्हिस्की नुसती पीत नाहीत, सोडा किंवा पाणी आणि बर्फ घालूनच पितात. नुसती चाखून निवडलेली बाटली सोड्यात हरू शकते. सोड्यातलं कार्बोनिक आम्ल कडवटपणा आणि तिखटपणा पुढे आणतं, बर्फ गोडवा आणि वास दाबतो. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी त्याच व्हिस्की, १५ मिलीला ४५ मिली गार सोडा, बर्फ सगळ्यांत सारखा किंवा अजिबात नाही. उरलेले क्वार्टर याला पुरतात. माझं मत असं, की आपल्याकडच्या बऱ्याच ब्लेंड सोडा-पाण्यासाठीच जुळवलेल्या असतात आणि त्यांचा न्याय तिथेच व्हायला हवा. ज्या पद्धतीने तुम्ही महिनाभर पिणार, त्या पद्धतीत जी जिंकेल ती घरी आणायची.

फरक खरंच कळतो का?

दोन बाटल्यांमध्ये किमतीत दीडपट फरक आहे आणि कुणी म्हणालं ‘मला तर लगेच कळतं’, तर तीन ग्लासांची चाचणी घ्या. दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कुठला तेवढंच सांगायचं. अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक. सलग तीनदा बरोबर आलं, तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता २७ मध्ये एक उरते, म्हणजे त्या माणसाला फरक कळतोय असं मानायला हरकत नाही. ग्लासात ५ मिलीच घ्या आणि थुंका, नाहीतर तिसऱ्या फेरीत काहीच कळणार नाही. ज्याला फरक लागला नाही, त्याने बिनधास्त स्वस्तातली घ्यावी.

वही कशी वाचायची आणि पुढे काय

चौघांचे क्रम एकमेकांशी जुळायलाच हवेत असं नाही. एकाला धूर आवडतो, दुसऱ्याला तो जळक्या वायरसारखा लागतो. सरासरी काढून ‘आपल्या ग्रुपची व्हिस्की’ ठरवू नका. स्वतःच्या वहीत सलग दोन-तीन बैठकांत कुठले शब्द वरच्या क्रमांकासोबत येतात, ते बघा. मनुका आणि जायफळ वर येत असतील तर शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपाचा उल्लेख असलेल्या बाटल्या शोधा. खोबरं, व्हॅनिला वर असतील तर बर्बन किंवा बर्बनच्या पिंपात मुरलेल्या. काडेपेटी आणि धूर आवडत असेल तर टीचर्सपासून सुरुवात करून हळूहळू वर जा.

उरलेली व्हिस्की अर्ध्या रिकाम्या बाटलीत महिनोन्‌महिने ठेवू नका, हवेने ती सपाट होते. छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, उघडल्याची तारीख लिहा, उभी ठेवा. गॅलरीतलं ऊन आणि गॅसच्या वरचा फळा, दोन्ही जागा वाईट. पुढच्या बैठकीत याच बाटलीतली जिंकलेली व्हिस्की पुन्हा एका ग्लासात झाकून टाका आणि समोर दोन नव्या आणा. नव्यांपैकी एखादीने तिला दोनदा हरवलं, तरच वाइन शॉपमध्ये मागायचं नाव बदला.